राजेश्रीचं मोकळं कपाळ

गावाचं नाव सांगून काही उपयोग नाही. सेलूहून वालूरकडं जीप निघाली की मधे एका फाट्यावर पिठाची गिरणी लागते, पत्र्याची, समोर लिंबाचं झाड. त्या गिरणीवर राजेश्री बसते. वय चव्वेचाळीस, उंचीला चांगली, हाडापेरानं मजबूत. बोलायला मात्र इतकी कंजूष की तिच्या तोंडातून शब्द काढायला वेगळी मोटार बसवावी लागेल, असं गावातल्या बाया म्हणतात. तिच्यासमोरच म्हणतात. ती ऐकून घेते आणि पुढचा डबा उचलते.

तिचा नवरा बन्सीधर दोन वर्षांखाली ह्याच गिरणीत गेला. छातीत कळ आली, पोत्यावर बसला, आणि संपलं. तेराव्यानंतर चौथ्या दिवशी राजेश्रीनं पट्टा चढवला आणि गिरणी चालू केली. लोक म्हणाले, बाईचं काळीज दगडाचं हाय. मग तेच लोक डबे घेऊन आले, कारण दुसरी गिरणी चार किलोमीटर लांब, आणि घरात पीठ नसलं की माणसाला फार वेळ नावं ठेवत बसता येत नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनी पाळली. लग्नाचं दळण तिच्याकडं येत नाही. आमच्याकडं लग्नघरच्या पहिल्या दळणाला सवाष्ण लागते. ते डबे आता तिच्या दारावरून जीपमध्ये बसून वालूरला जातात. राजेश्री बघते. तिला वाईट वाटत असेल असं बघणाऱ्याला वाटतं. तिला खरं म्हणजे काहीच वाटत नाही.

आता बन्सीधरचं सांगतो. बन्सीधर म्हणजे देवमाणूस. हे मी म्हणत नाही, गाव म्हणतं. दारूचा थेंब नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. भावाच्या पोरीला परभणीला शिकायला ठेवलं ते ह्याच माणसानं. आणि बायकोवर कधी हात उचलला नाही. आमच्या भागात नवऱ्याची परीक्षा एवढ्या एका प्रश्नावर होते, मारतो का? मारत नसला तर पास. पुढचं कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी सांगायला शब्द कुठून आणायचे?

कारण पुढचं असं होतं की बावीस वर्षांत त्यानं तिला एकदाही विचारलं नाही. तिला ताप असो, पाळी असो, दिवसभर पोती उचलून कंबर मोडलेली असो. त्याला वाटलं की वाटलं. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं ती नको म्हणाली. मग म्हणायची बंद झाली. अंग तिथं ठेवायचं आणि आपण बाजूला व्हायचं, हे ती शिकली. शिकली खरी, पण त्यात एक झालं. पुढं पुढं दिवसासुद्धा ती बाजूलाच राहायला लागली. जेवताना चव लागेना. सणाला नवं लुगडं अंगावर आलं काय न् न आलं काय. माहेरी आई गेली तेव्हा सगळ्या बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि ही पाहुण्यांचा चहा गाळत होती. तिला स्वतःचीच भीती वाटली त्या दिवशी. पण तीही जरा वेळच.

बन्सीधरला नेलं त्या दिवशी कुंकू पुसायला रीतीप्रमाणं विधवा बाई लागत होती. ती घरातच होती, सासू कडूबाई. पोटचा पोरगा दारात झाकून ठेवलेला, आणि म्हातारी सुनेचं कपाळ पुसायला उभी. राजेश्रीनं आपण होऊन कपाळ पुढं केलं. ओला पदर फिरला, आणि कपाळाला वारा लागला. एवढंच. पण त्या वाऱ्यात तिला स्पष्ट कळलं की आजपासून हे अंग कुणाचं नाही. बावीस वर्षांत तिला काही कळलं असेल तर ते हे. बाया म्हणाल्या, बघा, धक्का बसलाय, रडू बी येईना. तिनं त्यांना तसंच समजू दिलं.

कडूबाईची गोष्ट वेगळी, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कडूबाई तेविसाव्या वर्षी विधवा झाली, पदरात दोन पोरं, बन्सीधर आणि गोपाळ. आज ती चौऱ्याहत्तरची आहे. एक्कावन्न वर्षं तिनं कपाळ कोरं ठेवलं, आणि त्यातला एक दिवस तिला ते आवडलं नाही. कासार दारावर आला की ही आत जाऊन दाराआडून बांगड्यांचे रंग बघायची. बन्सीधरच्या लग्नात त्याला हळद लावली चुलतीनं. ही त्याची जन्मदाती, सामानाच्या खोलीत नारळ मोजायला बसवलेली. नवऱ्याचा तिला चेहराही नीट आठवत नाही, पण कपाळावर रुपयाएवढं लाल कुंकू असलेली आपण कशा दिसायचो ते आठवतं.

तर एकाच घरात दोन विधवा. एकीला कुंकू गेल्याचं दुःख, दुसरीला सुटल्याचं समाधान. दोघी एका ताटावर जेवायच्या आणि हे एकमेकींना कधी बोलल्या नाहीत.

ह्या घरात निकिता आली वही घेऊन. निकिता म्हणजे गोपाळची पोरगी, परभणीच्या एका कॉलेजात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय समाजशास्त्र. तिला लघुप्रबंध लिहायचा होता. ‘जहाल स्त्रीवादी सिद्धान्त आणि ग्रामीण मराठवाड्यातील विधवा’. एवढ्या लांब नावाचं आपल्याकडं लग्नाचं निमंत्रणसुद्धा नसतं. दर रविवारी ती सेलूपर्यंत एसटीनं आणि पुढं जीपनं यायची, गिरणीतल्या पोत्यावर मांडी घालून बसायची आणि काकूला वाचून दाखवायची. राजेश्रीला मूलबाळ नाही. दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा पोट पडलं. त्यामुळं निकिता आली की तिला बरं वाटायचं, म्हणजे तिला जेवढं वाटू शकायचं तेवढं.

“हे बघ काकू,” निकिता गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून सांगायची, “एक मत असं की बाईला शिक्षण द्या, नोकरी द्या, मतदान द्या, म्हणजे ती बरोबरीला येईल. जहालवाल्या म्हणतात, हे वरवरचं झालं. मूळ घरात आहे. पुरुषाची सत्ता कचेरीतून नाही, चुलीपासून आणि अंथरुणापासून चालते. बाईचं शरीरच तिच्या मालकीचं नाही. आणि आपण ज्याला घरातली खाजगी गोष्ट म्हणतो, तेच खरं राजकारण.”

राजेश्रीचा हात कोठीतल्या ज्वारीत थांबला.

“कुणी लिवलं हे?”

“अमेरिकेतल्या बायांनी. पन्नास-पंचावन्न वर्षं झाली.”

“त्यायच्यात बी असतंय का?”

“काय असतं?”

“काई न्हाई,” राजेश्री म्हणाली आणि ज्वारी खाली ढकलली.

मग निकितानं प्रश्नावली काढली. ती तिनं आणि तिच्या सरांनी मिळून बनवली होती, चाळीस प्रश्नांची. पतीस व्यसन होते का? नाही. पतीकडून मारहाण होत होती का? होय किंवा नाही. राजेश्री म्हणाली, नाही. निकितानं नाहीवर खूण केली आणि हसली. “मी सरांना आधीच म्हटलं होतं, आमच्या घरात तशी केस मिळायची नाही. काकांसारखा माणूस हजारात एक.” आणि वैवाहिक जीवन ह्या रकान्यापुढं तिनं न विचारताच समाधानकारक असं लिहून टाकलं.

मला ह्या पोरीचा राग येतो, खरं सांगतो. मग वाटतं, तिचा तरी काय दोष? अमेरिकेतल्या बायांचं दुःख तिला तोंडपाठ होतं, कारण ते छापलेलं होतं. काकूचं दुःख एका हाताच्या अंतरावर ज्वारी ढकलत होतं. आणि काकानं तर तिला सायकल घेऊन दिली होती, फी भरली होती, परभणीच्या होस्टेलवर स्वतः गादी पोचवली होती.

फेब्रुवारीत गावात नवीन वारं आलं. मनिषाताई म्हणून बचत गटाच्या अध्यक्ष आहेत, बोलायला हुशार, कामाला त्याहून हुशार. त्यांनी ठरवलं की आठ मार्चला गावातल्या सगळ्या विधवांना शाळेच्या मैदानावर बोलवायचं आणि जाहीरपणे कुंकू लावायचं, बांगड्या भरायच्या. खाली कोल्हापूरकडं असं झालंय, मग आपण कामून मागं राहायचं? चांगली गोष्ट आहे. वाईट म्हणायला जागाच नाही. निकिता तर हरखली. सूत्रसंचालन तिच्याकडं आलं, आणि प्रबंधाला शेवटचं प्रकरणही मिळालं.

कडूबाईलाही हे कळलं. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, “सून लावील तर मी लावीन. एकटी म्हातारी लावून बसले तर लोक म्हणतेल, हिला आता कुणासाठी सजायचंय.”

आता आली का पंचाईत? राजेश्रीनं नाही म्हटलं तर म्हातारीचं एक्कावन्न वर्षांचं मन मोडतं. हो म्हटलं तर कपाळावर परत तीच खूण, आणि त्या खुणेखाली काय सोसलं ते एकट्या तिलाच ठाऊक.

त्याच रविवारी गिरणीवर धम्मशीला आली ज्वारीचा डबा घेऊन. ही बौद्ध वस्तीतली अंगणवाडी सेविका, राजेश्रीची पहिलीपासूनची मैत्रीण. दोघी एकाच गावच्या लेकी आणि नशिबानं एकाच गावात दिलेल्या. निकिता पोत्यावर होतीच. तिनं कार्यक्रमाचं भाषण वाचून दाखवलं. त्यात एक वाक्य होतं की सगळ्या बायकांचं दुःख एकच आणि त्याचं मूळही एकच.

“एकच कसं?” धम्मशीलानं डबा खाली ठेवला. “माझ्या आजीला पाणी वरून कोण वाढायचं? बाप्ये न्हाई वाढायचे. वाड्यावरच्या बायाच वाढायच्या, कुंकवाच्या. तुझ्या त्या अमेरिकेच्या पुस्तकात हे मूळ कुठं घातलंय?”

“त्यावर वाद आहे,” निकिता म्हणाली. “दलित स्त्रीवादी लेखिका हेच म्हणतात. जात बाजूला ठेवून बाई म्हणून सगळ्यांना एका रांगेत उभं करता येत नाही.”

“वाद हाय म्हण. रांगेचं म्हणशील तर ह्याच गिरणीवर आमच्या वस्तीच्या डब्याची रांग येगळी व्हती. पार त्या भिंतीकडं. राजेश्रीला इचार.”

“व्हती,” राजेश्री म्हणाली. “मीच लावायची. हे सांगायचे आन् मी लावायची.” मग जरा थांबून म्हणाली, “हे नसते सांगत तरी लावली असती.”

धम्मशीलानं मान हलवली. तिला हे माहीत होतं, पण राजेश्रीच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं होतं. तिनं विषय सोडून दिला आणि निकिताकडं वळली. “बरं, कुंकवाचं काय म्हणतेत तुझ्या जहाल बाया?”

निकिताला हेच पाहिजे होतं. “मूळ जहाल विचार म्हणतो, कुंकू म्हणजे मालकीची खूण, ती कुणीच लावू नये. दुसरा पक्ष म्हणतो, बाईला लावावंसं वाटतं ना, मग तिची निवड माना. त्यावर पहिल्या म्हणतात, लहानपणापासून ज्या पिंजऱ्यात वाढलो त्यातली निवड ही कसली निवड? मी मधला मार्ग काढलाय. समाजानं जे जबरदस्तीनं हिसकावलं ते बाईनं हक्कानं परत घ्यायचं.”

“आन् जिला परत नको असंल ती?”

“असं कोण असेल?” निकिता म्हणाली. “भीती असते, लोकलाज असते. ती काढायलाच तर कार्यक्रम आहे.”

निकिता चहा सांगायला बाहेर गेली तेव्हा धम्मशीला राजेश्रीजवळ सरकली. “तुला लावायचंय का?”

“न्हाई.”

“मग न्हाई म्हण की.”

“आत्याबाईला लावायचंय.”

“ते त्यांचं. तुझं काय?”

राजेश्रीनं पुढचा डबा ओतला. पण दळण संपेपर्यंत तिच्या डोक्यात ते फिरत राहिलं. तुझं काय, असं तिला कुणी विचारल्याचं तिला आठवेना.

दोन दिवसांनी मनिषाताई नावं लिहायला घरी आल्या तेव्हा राजेश्रीनं मनाची तयारी करून ठेवली होती. “आत्याबाईचं लिवा ताई. मी त्यायच्या संगं वर येते, हात धरून हुबी राहते. मला नको.”

“बरं बरं,” म्हणत मनिषाताईंनी दोन्ही नावं लिहिली. त्यांना वाटलं, संकोच आहे. मैदानावर आली की जाईल.

आठ मार्चला मांडव पडला. खुर्च्या, भोंगा, हार, सेलूहून आलेल्या दोन पाहुण्या. अकरा विधवा पहिल्या ओळीत, सगळ्यांचे पदर डोक्यावर. कडूबाईनं ठेवणीतली हिरवी साडी काढली होती, घडीवर विरलेली. तिच्या कपाळावर घाम होता आणि ती तो दर मिनिटाला पुसत होती, कुंकू नीट बसलं पाहिजे म्हणून. राजेश्रीनं ते पाहिलं. तिला वाटलं, हिच्यासाठी आपण अजून दहा कार्यक्रमांना येऊ, फक्त आपल्याला हात लावू नका.

निकिता माईकवर छान बोलली. नाव पुकारलं, “कडूबाई आणि त्यांच्या सूनबाई, माझी आजी आणि माझी काकू.” टाळ्या पडल्या. दोघी वर गेल्या. मनिषाताईंच्या हातात ताट होतं. कडूबाईनं सुनेचा हात गच्च धरला आणि म्हणाली, “आधी हिला.”

राजेश्री म्हणाली, “आत्याबाई, तुमी लावून घ्या. मी हाय हितं. मला नको.”

ती हळू बोलली नाही. माईक जवळ होता. भोंग्यातून सगळ्या मैदानानं ऐकलं, मला नको. शाळेच्या भिंतीवर बसलेल्या पोरांनी ऐकलं, सेलूच्या पाहुण्यांनी ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा ती हा शब्द शंभर माणसांत बोलली होती.

“काकू लाजतायत,” निकिता माईकवर म्हणाली, आवाजात नुसतं प्रेम. “त्यांच्यासाठी जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत.”

टाळ्या झाल्या. कुणीतरी मागून खांद्यावर मायेनं हात ठेवला, कुणीतरी डोक्यावरचा पदर नीट केला. मनिषाताईंनी हनुवटीखाली बोट घालून तिचं तोंड वर उचललं, अगदी आईनं लेकीचं उचलावं तसं, आणि कपाळावर कुंकू टेकवलं. तिथं एकही माणूस वाईट नव्हता. राजेश्रीनं अंग तिथं ठेवलं आणि ती बाजूला झाली. तिला काही जड गेलं नाही, सवयीचंच होतं.

मग कडूबाईला लावलं. म्हातारीनं आरसा मागितला. मांडवात सगळं आणलेलं, आरसा कुणी आणला नव्हता. धम्मशीला खालून उठून वर आली आणि तिनं मोबाइलवर सेल्फीचा कॅमेरा लावून तो कडूबाईच्या तोंडासमोर धरला. कडूबाई बघत राहिली. पुढच्या विधवेचं नाव पुकारलं तरी ती हलेना, बघतच राहिली. राजेश्रीला ते बघून बरं वाटलं. खरंच वाटलं. ते बरं आणि आपलं हे, दोन्ही शेजारी शेजारी होतं, आणि एकानं दुसरं कमी होत नव्हतं.

दुपारी घरी आल्यावर कडूबाई टिकलीच नाही घरात. दारोदार दाखवत सुटली, ह्या आळीत बस, त्या आळीत पाणी पी. राजेश्रीनं मोरीवर कपाळ धुतलं. साबण लावून दोनदा धुतलं, तरी लालसर राहिलंच. ती ओसरीवर येऊन बसली. निकिता तिच्यासमोर वही घेऊन बसली. शेवटचा प्रश्न उरला होता. कार्यक्रमानंतर आपणास कसे वाटले?

निकितानं मान वर केली. “अगं, धुतलंस? कामून?”

“मी नको म्हनलं व्हतं.”

“हो, पण तू लाजत होतीस गं. पहिल्यांदा सगळ्यांनाच तसं होतं.”

“तुझा काका बी हेच म्हणायचा.”

निकिता हसली. “काका कशाला म्हणतील? कुंकवाचं?”

“कुंकवाचं न्हाई.” राजेश्री अंगणाकडं बघत बोलत होती. आवाज गिरणीवर ‘कुणाचा डबा’ विचारते तसाच, वर नाही की खाली नाही. “मी नको म्हनलं की म्हणायचा, लाजतीस. आन् करायचं ते करायचा. बावीस वर्षं. दुसऱ्यांदा पोट पडलं, त्याच्या सहाव्या दिवशी बी. रगत जायलं व्हतं. तवा बी म्हनला, लाजतीस. मारलं न्हाई कधी. तू लिवलंस ते बराबर हाय.”

निकिताच्या डोळ्यांसमोर काका आला असणार, सायकलच्या मागं धावणारा, होस्टेलच्या जिन्यानं डोक्यावर गादी घेऊन चढणारा. तो काका आणि हा, दोघांना एका माणसात बसवायला तिला वेळ लागला.

“काकांनी?” ती म्हणाली.

“हां.”

“आजीला माहीत आहे?”

“भिंत एकच व्हती मधी,” राजेश्री म्हणाली. “तिला काय म्हणायचं? तिलाबी कुणी इचारलं नसंल.”

निकितानं वही पुढं ओढली. ते तिच्या हातून आपोआप झालं. तिच्या मनात सगळं भराभर जुळायला लागलं होतं, मूळ घरात आहे, अंथरुणात आहे, खाजगी तेच राजकारण. दोन वर्षं ती ज्याच्यावर वाचत होती ते हेच. अख्ख्या प्रबंधाला जीव नव्हता, आणि तो इथं ओसरीवर बसला होता.

“काकू,” ती म्हणाली, “हे लिहिलं पाहिजे. हे कुणी बोलत नाही म्हणूनच तर चालतं. आपल्याकडं तर कायदासुद्धा ह्याला गुन्हा मानत नाही. मी नाव बदलते. गाव बदलते. कुणाला कळणार नाही तू ती.”

राजेश्री काही बोलली नाही.

निकितानं पेनाचं टोपण काढलं. पेन कागदावर टेकवलं, एक अक्षर उमटलंही. मग तिचा हात थांबला. तिनं पेन उचललं आणि काकूकडं बघितलं, आणि मग पहिल्यांदाच तिनं असा प्रश्न विचारला जो चाळीस प्रश्नांत नव्हता.

“लिहू का?”

“नको,” राजेश्री म्हणाली.

निकिताच्या तोंडात बरंच काही आलं असणार. भिऊ नकोस. तुला नंतर पटेल. हे तुझ्या एकटीचं नाही, हजारो बायांचं आहे. ह्यातलं काही खोटंही नव्हतं. बाहेर तिच्या आजीचा हसण्याचा आवाज येत होता, कुणाच्या तरी दारातून. निकिता पेन धरून तशीच बसली. मग तिनं वही मिटली.

“बरं,” ती म्हणाली.

राजेश्रीनं मान वळवून तिच्याकडं बघितलं. तिला तो शब्द परत एकदा ऐकायचा होता, पण तो कसा मागायचा हे तिला माहीत नव्हतं.